लक्षात राहिलेला चीजबर्गर कुठे खाल्लात?

माहीमचा_रहिवासी:

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन शिवाजी पार्काजवळच्या एका नव्या दुकानात गेलो होतो. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार नोंदवणे हा या प्रश्नाचा हेतू नाही. मागवलेला चीजबर्गर समोर आला तेव्हा पाव ताजा होता, पॅटी गरम होती, कांदाही करकरीत होता. पण चीजची चौकोनी चकती मात्र फ्रीजमधून तेवढ्यातच काढून वर ठेवल्यासारखी, चारही कोपरे ताठ करून बसलेली होती. भाच्याने ती दोन बोटांच्या चिमटीत धरून अलगद उचलली, ताटलीच्या कडेला ठेवली आणि उरलेला बर्गर मजेत संपवला. मी मात्र त्या चकतीकडेच पाहत राहिलो. ज्या पदार्थाच्या नावात चीजचा मान पहिला, त्यातून ते इतक्या सहज वेगळे काढता येत असेल, तर त्याला चीजबर्गर का म्हणायचे आणि चीजचे जास्तीचे पैसे कशासाठी द्यायचे?

माझ्या आठवणीत खरा चीजबर्गर एकच आहे. छपाईयंत्रांच्या कामानिमित्त २००३ साली शिकागोला गेलो होतो, तेव्हा तिथल्या माणसांनी मला मिशिगन अव्हेन्यूच्या खालच्या मजल्यावरच्या बिली गोट टॅव्हर्नमध्ये नेले. वरच्या झगमगत्या रस्त्यावरून जिना उतरून खाली गेले की एकदम अंधारे, जुनाट, भिंतीभर वर्तमानपत्रांची कात्रणे लावलेले ठिकाण लागते. जवळच्या वृत्तपत्रांतल्या लोकांचा तो तेव्हा कित्येक वर्षांचा अड्डा होता. गल्ल्यामागचा माणूस आपल्या उडपी हॉटेलातल्या वेटरच्या चपळाईने ‘चीजबॉर्गर, चीजबॉर्गर’ असे ओरडत होता. मी बटाट्याचे फ्राइज मागितले, तर ते मिळत नाहीत, चिप्स घ्या, असे खणखणीत उत्तर मिळाले. बर्गर म्हणाल तर अगदी साधा: पातळ पॅट्या, जाडसर गोल पाव, आणि कांदा व काकडीचे लोणचे आपले आपण घालून घ्यायचे. पण त्यातले चीज पॅटीच्या खडबडीत कडांवरून ओघळून पुन्हा थोडे घट्ट झाले होते आणि कुठे मांस संपते व कुठे चीज सुरू होते ते कळत नव्हते.

तुमचा असा चीजबर्गर कोणता? मुंबईतला असेल तर उत्तमच, बाहेरचा असला तरी चालेल. मात्र नुसत्या दुकानांच्या याद्या देऊ नयेत, त्या शोधल्या की मिळतात. चीजचे नेमके काय झाले होते, तेवढे जरूर लिहावे.

ठाण्यातला_जुना_कोडर:

तुमचा राग योग्य आहे, पण तो चीजवर काढू नका, तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसावर काढा.

मी कॅलिफोर्नियात सहा वर्षे होतो आणि माझा चीजबर्गर म्हणजे इन-एन-आउटचा डबल-डबल: दोन पॅट्या, चीजच्या दोन चकत्या. हे दुकान १९४८ साली बाल्डविन पार्क येथे सुरू झाले आणि त्यांचा फलकावरचा मेनू आजही आपल्या एखाद्या वडापावच्या गाडीइतकाच आटोपशीर आहे. तिथे सगळे काम समोर दिसते, म्हणून रांगेत उभे राहून मी अनेकदा पाहिले आहे की पॅटी उलटल्यानंतर, ती तव्यावर असतानाच चीज वर ठेवले जाते. शेवटच्या त्या थोड्या वेळात खालून पॅटीची धग आणि आजूबाजूने वाफ अशी दोन्हीकडून उष्णता मिळून चीज मऊ पडते. चीज अगोदर ठेवले तर ते वाहून तव्यावर जळते आणि पॅटी उतरवल्यावर ठेवले तर तुमच्या भाच्याची चकती होते. मधला काळ फार थोडा असतो.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. आपल्याकडे अनेकांना वाटते की महागडे, मुरवलेले, परदेशी चीज घातले की बर्गर आपोआप चांगला होतो. पण जुने मुरलेले चेडर चीज जास्त तापले की त्यातल्या प्रथिनांचे जाळे आकसते, आत धरून ठेवलेला स्निग्धांश बाहेर पडतो, आणि वर तेल व खाली रबरासारखा गोळा उरतो. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सोडियम सायट्रेट किंवा सोडियम फॉस्फेट यांसारखे क्षार असतात, जे प्रथिनांमधल्या कॅल्शियमला अडवून ठेवतात आणि त्यामुळे स्निग्धांश व पाणी एकत्र नांदतात. जेम्स क्राफ्टने अमेरिकेत अशा चीजचे पेटंट १९१६ साली घेतले, आणि पुढे त्याच्या चकत्यांनी तिथला चीजबर्गर घडवला. आपल्या फ्रीजमधल्या अमूलच्या चकत्या याच जातीच्या आहेत. म्हणजे चीजबर्गरला लागणारे चीज मुंबईच्या प्रत्येक वाण्याकडे आहे. ते कोणत्या क्षणी ठेवायचे, एवढेच लोक शिकलेले नाहीत.

पार्लेकरीण:

माझे उत्तर शाकाहारी आहे आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही.

मॅकडोनाल्ड्सची भारतातली पहिली दुकाने १९९६च्या ऑक्टोबर महिन्यात उघडली, एक दिल्लीत वसंत विहारला आणि दुसरे आपल्याकडे वांद्र्याला. त्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा आम्हाला लिंकिंग रोडवरच्या त्या दुकानात घेऊन गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. रांग इतकी मोठी होती की आईने घरून आणलेल्या चकल्या रांगेतच संपल्या. तिने आत शिरताच पहिली चौकशी केली ती शाकाहारी पदार्थ वेगळे करतात का याची. त्यावर शाकाहारी पदार्थ करणाऱ्यांची जागा वेगळी आहे आणि त्यांचे एप्रन हिरवे आहेत, हे तिला तिथल्या मुलाने आत बोट दाखवून समजावले, तेव्हाच ती बसली. गोमांस किंवा डुकराचे मांस तिथे नव्हतेच. बाबांनी महाराजा मॅक मागवला, जो त्या काळी मटणाचा होता, आणि घरी आजीला सांगू नका, असे आम्हाला दोनदा बजावले. मी तिथे खाल्लेला बर्गर माझा पहिला असला तरी लक्षात राहिलेला नव्हे, त्या दिवशीच्या स्मृतीत रांगच जास्त आहे.

लक्षात राहिलेला मिळाला तो पुढे पाच-सहा वर्षांनी, पार्ल्यातल्या आमच्या कॉलेजबाहेरच्या सँडविचवाल्याकडे. मुंबईत ‘चीज’ या शब्दाचा अर्थ काय, हे या धाग्यावर अद्याप कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे चीज वितळवत नाहीत, ते किसतात. सँडविच असो, पावभाजी असो, डोसा असो, अमूलचा क्यूब किसणीवर उभा धरून समोर पांढरापिवळा डोंगर केला जातो आणि गिऱ्हाईक तो डोंगर पाहून पैसे देते. माहीमकरांना हा दोष वाटेल. मला वाटत नाही, कारण हिरव्या चटणीने जीभ पोळली असताना वरचे थंड किसलेले चीज जे काम करते ते वितळलेले चीज करू शकत नाही.

पण आमचा सँडविचवाला याहून हुशार होता. तो बटाट्याची टिक्की तव्यावर लालसर करायचा, मग तिच्या शेजारीच किसलेल्या चीजचा एक गोल थर थेट तव्यावर पसरायचा, त्याला खालून तांबूस रंग आला की टिक्की उचलून त्यावर दाबून बसवायचा आणि उलथन्याने सगळे एकदम खरवडून काढायचा. टिक्कीला चीजची जाळीदार, खरपूस झालर येई. ती पावाच्या बाहेर लोंबत असे आणि आम्ही आधी तीच तोडून खात असू. आत चटणी, बीट, कांदा, वरून चाट मसाला. त्याला तो ‘स्पेशल बर्गर’ म्हणत असे. या पदार्थातून चीज चिमटीत धरून काढून दाखवावे, असे माझे आव्हान आहे.

इराणीप्रेमी:

ज्या शहरात सकाळी खिमा पाव मिळतो त्या शहरात खिम्याची टिक्की थापून ती पावात घालून तिप्पट किमतीला का खावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

माहीमचा_रहिवासी:

खिमा पावात चीज नसते, त्यामुळे आपला प्रतिसाद विषयाला धरून नाही, परंतु भावना पोहोचल्या. पार्लेकरीणताई, तुमच्या झालरीने मला निरुत्तर केले आहे. तो माणूस अजून तिथे उभा असतो का?

पार्लेकरीण:

नाही. त्या कोपऱ्यावर आता औषधांचे दुकान आहे.

वसईचा_खानसामा:

मी पंधरा वर्षे हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काढली आहेत, त्यामुळे चर्चा मांसाकडे नेतो. चीज पॅटीवर वितळते, तेव्हा खालची पॅटी कशी आहे यावर बरेच अवलंबून असते.

अमेरिकेतला चीजबर्गर गोमांसाचा असतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी होती, ती २०१५ साली बैल आणि वळू यांनाही लागू झाली. म्हशीच्या मांसाला ती बंदी नाही, म्हणून आज मुंबईतल्या मेनूवर ‘बफ’ किंवा नुसतेच ‘टेंडरलॉइन’ असे लिहिलेले दिसते ते रेड्याचे किंवा म्हशीचे मांस असते. ते चवीला उत्तम असले तरी त्यात चरबी कमी असते, आणि बर्गरला मात्र साधारण पाचवा हिस्सा चरबी लागते. नुसत्या टेंडरलॉइनचा, म्हणजे सगळ्यात कोवळ्या आणि सगळ्यात कोरड्या भागाचा खिमा करून बर्गर करणे म्हणजे साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय करण्यासारखे आहे. खाटकाला सांगून खांद्याचे मांस आणि वेगळी चरबी घ्यावी, एकत्र खिमा काढून घ्यावा. बकऱ्याच्या मांसाचा बर्गर होतो, पण त्याची चरबी लवकर थिजते आणि वास उग्र असतो. चिकन फारच कोरडे पडते, म्हणून सगळीकडे त्याला बेसन किंवा ब्रेडचा चुरा लावून तळतात.

आपल्या लोकांची दुसरी खोड म्हणजे खिमा मळणे. आले, लसूण, कोथिंबीर, अंडे, मीठ घालून कणकेसारखा मळला की त्याचा कटलेट होतो, आणि माझी आई कटलेट करते त्याच्या तोडीचा कटलेट जगात नाही, पण तो बर्गर नव्हे. मीठ आधीच घालून मळले की मांसातली प्रथिने विरघळून चिकट होतात आणि पॅटी सॉसेजसारखी घट्ट बनते. खिमा हलक्या हाताने गोळा करावा, सणसणीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकून उलथन्याने एकदाच जोर लावून चपटा करावा आणि मीठ त्याच क्षणी वरून घालावे. तव्याला चिकटून जो तपकिरी खरपूसपणा येतो, तीच बर्गरची चव. नंतर खरवडून उलटवावे आणि लगेच चीज, कोडरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे.

पावाचेही एक सांगतो. लादी पाव आपला आहे, मलाही प्रिय आहे, पण तो पाणी पितो. आतल्या दोन्ही बाजू मस्का लावून तव्यावर लाल केल्या तरच तो रसदार पॅटीला शेवटपर्यंत टिकतो, नाहीतर तिसऱ्या घासाला हातात लगदा.

माझी स्वतःची आठवण कुलाब्याची आहे. रीगल सिनेमासमोर वुडसाइड इन आहे, तिथे दर वर्षी बिअर आणि बर्गर यांचा उत्सव भरवला जात असे. रात्रपाळी संपवून आम्ही तिघे आचारी एकदा तिथे गेलो, आणि दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधल्यावर आपल्याला कोणीतरी रांधून वाढते आहे या सुखातच निम्मी चव होती, हे आधीच कबूल करतो. चीज वितळून पॅटीच्या कडेला तव्यावर थोडे सांडले होते आणि तिथे करपून कडक झाले होते. माझ्या सोबत्याने तो करपलेला भाग उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, हे मुद्दाम केलेले आहे. आचारी लोकांना असल्या गोष्टींचे कौतुक फार.

शंकासुर:

थोडा इतिहास, मागितला नसताना. हॅम्बर्गरवर चीज प्रथम कोणी ठेवले यावर अमेरिकेत निदान तीन दावे आहेत. सर्वांत जुना दावा कॅलिफोर्नियातल्या पासाडीना येथील लायनेल स्टर्नबर्गर या मुलाच्या नावे, १९२०च्या दशकाच्या मध्यातला आहे. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचे केलिन्स हे उपाहारगृह १९३४ साल सांगत असे. डेन्व्हरच्या लुई बॅलास्टने १९३५ साली ‘चीजबर्गर’ या नावावर हक्क नोंदवण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच्या उपाहारगृहाच्या जागी आज स्मारकाचा दगड उभा आहे. वडापावाचा दगड दादर स्थानकाबाहेर कधी बसणार, हा प्रश्न मी येथे विचारत नाही.

पार्लेकरीणताईंच्या बाजूने एक पुरावा देतो. कनेटिकटमधल्या न्यू हेवन शहरातील लुईज लंच येथे बर्गर गोल पावात देतच नाहीत, भाजलेल्या पांढऱ्या ब्रेडच्या दोन तुकड्यांत देतात. मांस उभ्या लोखंडी शेगड्यांत जाळीत धरून भाजतात, जे पाहताना मला आपल्या सँडविचवाल्याचा हातातला टोस्टर आठवला. चीज पॅटीवर न ठेवता पातळ करून ब्रेडला फासतात. टोमॅटो आणि कांदा मिळतो. केचप मागितलेले त्यांना मुळीच खपत नाही, मी मागून पाहिले आहे.

गिरगाव_ते_मिनियापोलिस:

चीजचे काय झाले होते, असा प्रश्न असेल तर आमच्या गावाला कोणी हरवू शकणार नाही, कारण येथे चीज पॅटीच्या वर नसून पोटात असते.

मिनियापोलिसमध्ये सीडर अव्हेन्यू या एकाच रस्त्यावर मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब अशी दोन ठिकाणे आहेत आणि दोघेही ‘ज्युसी ल्युसी’ आपणच शोधला असे सांगतात. मॅट्सवाले ‘ज्युसी’च्या स्पेलिंगमधला ‘आय’ गाळतात आणि स्पेलिंग बरोबर दिसले तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आला आहात, असे अभिमानाने सांगतात. दोन पातळ पॅट्यांच्या मध्ये चीज ठेवून कडा चिमटून बंद करायच्या आणि मग भाजायचे, एवढीच कृती. वाढणारी बाई ताटली ठेवताना थोडा वेळ थांबा असे सांगते. पहिल्या हिवाळ्यात मी थांबलो नाही. आतले चीज उकळत्या पाकासारखे असते. चार दिवस मला वरण-भाताचीही चव कळली नाही, पण त्या चार दिवसांनंतर मी पुन्हा तिथेच गेलो.

खरी आठवण मात्र गिरगावातली आहे. सात वर्षांपूर्वी सप्टेंबरात घरी आलो असता आईला या बर्गरचे वर्णन केले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘म्हणजे सारण भरायचे.’ गणपती उठल्यावर, एक दिवस मध्ये जाऊ देऊन, तिने चिकनचा खिमा आणायला सांगितला. वसईकरांचे ज्ञान तेव्हा आमच्याजवळ नव्हते, त्यामुळे खिमा कोरडा पडणार हे मला ठाऊक नव्हते. आईला मात्र न सांगता ठाऊक होते, आणि तिने त्यात दोन चमचे लोणी घातले. माझ्या पॅट्या तव्यावर पडताच एकेक करून फुटल्या आणि चीज बाहेर येऊन जळू लागले. आईने मला बाजूला केले, उरलेला खिमा हातात घेतला, अंगठ्याने मोदकाची पारी करतात तशी वाटी केली, कडा मधल्यापेक्षा पातळ ठेवल्या, चीजचा क्यूब हाताने कुस्करून आत भरला आणि हवा राहणार नाही अशा बेताने तोंड मिटवून मग थापले. तिच्या चारांपैकी एकही फुटला नाही. कारण विचारले तर म्हणाली की सारण थंड असले पाहिजे आणि आत हवा नको, हे पस्तीस वर्षे मोदक करणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही.

ती स्वतः मांसाहार करत नाही. खिम्याला हात लावण्यापूर्वी तिने अंगठी काढून ओट्यावर ठेवली होती आणि नंतर दोनदा हात धुऊन ती पुन्हा घातली. मॅट्स बारमध्ये २०१४ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा येऊन जेवून गेले, त्याचे तेथे अजून कौतुक चालते. मला त्या बारमध्ये बसलो की खोताच्या वाडीजवळचे ते स्वयंपाकघर आठवते आणि तिथले बर्गर थोडे जाडे वाटतात.

इराणीप्रेमी:

हा प्रतिसाद वाचून मी माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. खिमा पाव मात्र मागे घेत नाही.

माहीमचा_रहिवासी:

सर्वांचे आभार. काल शनिवारी खानसामासाहेबांच्या सूचनेप्रमाणे माहीमच्या बाजारातून चरबीसह खिमा काढून आणला, बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला आणि भाच्याला शेजारी उभे केले. पहिल्या पॅटीवर चीज लवकर ठेवले गेले, ते वाहून गेले. दुसऱ्या पॅटीवर उशीर झाला. तिसऱ्या वेळी चीज ठेवताच तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाकून वर पातेल्याचे झाकण घातले, आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजून उघडले. चकतीचे कोपरे खाली वळून पॅटीला चिकटले होते, आणि लुकलुकणाऱ्या कडांशी थोडी जाळीही धरली होती, जी पार्लेकरीणताईंच्या झालरीच्या जवळपासही नव्हती. पाव मस्का लावून भाजला होता. भाच्याने दोन खाल्ले. मोदकाच्या पद्धतीचा प्रयत्न करण्याइतका धीर अजून आलेला नाही.

पार्लेकरीण:

छान. फक्त चीज करपलेला बिडाचा तवा नंतर कोणी घासला, ते तुम्ही लिहिलेले नाही.